एमएलचं बटण आणि आईची वाटी

स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर एमएल नावाचं एक बटण असतं, ते कुणी काढलं त्याला एकदा भेटायचंय. दाबलं की 100 ग्रॅमचे लगेच 100 एमएल! अरे बाबा, हे फक्त पाण्याला चालतं. 100 ग्रॅम मध म्हणजे जेमतेम 70 एमएल, आणि तेल असेल तर तेच 110 च्या आसपास. काटा बिचारा वजन सोडून दुसरं काही मोजूच शकत नाही, वर ठेवलंय ते तेल आहे का काकवी त्याला काय कळणार, पण आकडा मात्र असा ठासून दाखवतो की वाटतं आत कुणी शास्त्रज्ञ बसलाय.

तेलाच्या पिशवीवर 1 लिटरच्या शेजारी 910 ग्रॅम छापलेलं वाचून आमच्या शेजारचे काका दुकानदाराशी भांडले होते, म्हणे 90 ग्रॅम कुठे गेले? तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर पाण्यावर तरंगतं, हे काका शाळेत शिकलेत, पण पैसे मोजताना शाळा कुणाला आठवते! त्यात तेल तापलं की फुगतं, म्हणजे लिटर तेवढाच पण ग्रॅम कमी. पूर्वी काही पिशव्यांवर तर तापमानही छापायचे, 2022 मध्ये सरकारने सांगितलं ते काढा. बरं झालं, नाहीतर काका थर्मामीटर घेऊन गेले असते.

हे सगळं मला कळायचं कारण भाचा. तो जर्मनीत असतो, तिकडे लोक पीठ-साखर काट्यावर मोजतात, त्यामुळे त्याला आजीची शंकरपाळी ग्रॅममध्ये हवी. आईची रेसिपी अशी, एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर, मावेल तेवढा मैदा. संपली.

आता वाटी कुठली? तर ती काठाला पोचा आलेली, "आपली नेहमीची". काट्यावर ठेवली, टेअर केलं (म्हणजे वाटीचं वजन सोडून काटा शून्यावर आणला), काठोकाठ पाणी भरलं, 160 ग्रॅम. म्हणजे 160 एमएल (इथे ते बटण खरं बोललं असतं, पण मी दाबलं नाही). मग दूध, ते 165 भरलं कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड. तूप आलं आणि घोळ सुरू, कारण डिसेंबरातलं रवाळ तूप, चमच्याने भरलं की मध्ये पोकळ्या राहतात, दाबलं की आणखी मावतं, दर वेळी काटा वेगळंच सांगतो.

"आई, तूप घट्ट मोजायचं का पातळ?"

"पातळ. घट्ट कोण मोजतं?"

हे रेसिपीत कुठेच नव्हतं हां! पातळ केलं, 146 ग्रॅम. एकाच वाटीत दूध-तुपात जवळजवळ 20 ग्रॅमचा फरक, आणि आई गेली कित्येक वर्षं दोन्हीला "एक वाटी"च म्हणते आणि शंकरपाळी दर दिवाळीला खुसखुशीतच होतात.

भाच्याला सगळे आकडे पाठवले. दोन मिनिटांत मेसेज, "थँक्यू मामा, मैदा किती ग्रॅम?"

आईला विचारलं.

"मावेल तेवढा."

"अगं पण त्याला आकडा हवाय."

"मग त्याला म्हणावं आधी मळायला घे, नि मला व्हिडिओ कॉल लाव."