दोन कित्याक? एकच पुरे!

मिटिंगचा अहवाल मेलवर आलाय. त्यात लिहिलंय, ‘डिकोड आणि रिकन्स्ट्रक्ट ही दोन फंक्शनं एकत्र करावीत. वापरणाऱ्यांच्या बाजूने आलेली सूचना. एकमताने मान्य.’ वापरणाऱ्यांची बाजू म्हणजे आमच्या वाडीतले आबा. आबांकडे बटणांचा फोन आहे आणि त्यातलं ते फक्त हिरवं बटण वापरतात. एकमत म्हणजे माझं सोडून बाकीच्यांचं.

घर देवगड तालुक्यात, खाली माडांत. रेंज वर सड्यावर. तीही गडग्याच्या एका कोपऱ्यातच, काजूच्या अर्धवट सावलीत. एप्रिलचा तापलेला कातळ खालून शेकतो, ऊन वरून भाजतं, आणि मधल्या मांडीवर लॅपटॉप. अशा अवस्थेत मी ऑनलाइन मिटिंगमध्ये इरेजर कोडिंगचा इंटरफेस मांडत होतो, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामनी आमची कोणती फंक्शनं कशी वापरायची याचा आराखडा.

काम असं. मोठ्या फाइली अनेक मशिनांवर वाटून ठेवायच्या, आणि त्यांतली काही मेली तरी फाइल वाचली पाहिजे. तीन प्रती ठेवल्या तर जागा तिप्पट लागते. त्याऐवजी फाइलचे सहा तुकडे करायचे, त्यांच्यावरून गणिताने आणखी तीन काढायचे आणि नऊ तुकडे नऊ मशिनांवर ठेवायचे. कुठलेही सहा हाती असले की फाइल परत उभी. जागा दीडपटच, आणि तीन मशिनं गेली तरी बेहत्तर. मोठ्या फाइली अशा वाटून ठेवणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आयतीच मिळते. यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांचं, १९६० सालचं. त्यांचा निबंध अवघा पाच पानांचा आहे. आमचा अहवाल सात.

(तिठ्यावरच्या वडापावच्या गाडीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवलाय. त्याचा एक भाग तेलाने पारदर्शक झालाय आणि एका कडेला चटणी वाळलीय. तरी पैसे जातात. तेही याच दोघांच्या गणितामुळे. गाडीवाल्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, मशीन वाजलं ना, मग झालं.)

तर मी पडद्यावर फंक्शनं दाखवत होतो आणि आबा गडग्यापलीकडून आले. ते कलमांची राखण करतात, म्हणजे माकडं हाकतात. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात काठी. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी पडद्यावरच्या चौकटी न्याहाळल्या.

“ही सगळी माणसां खयची?”

“पुण्याची, बंगळूरची.” मी माइक बंद करून कुजबुजलो.

“तेंच्या डोक्यार पंखो फिरताहा. तुका एकट्याक उन्हात बसवल्यानी?”

याला उत्तर नव्हतं. काम काय, असं त्यांनी विचारलं. एका फाइलचे सहा तुकडे करून नऊ ठेवतो, असं मी सांगितलं.

“आता सहा म्हटलंस. नऊ खयसून इले?”

“तीन वरचे असतात, आबा.”

“दलालाचे?”

“नाही हो. हरवले तर उपयोगी पडतात. कुठलेही सहा असले की भागतं.”

आबा विचारात पडले. आंब्याच्या धंद्यात वरचं जे काही असतं ते दलालाचंच असतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. मग एकदम चेहरा उजळला. “सहा पुरतत मां? मगे तीन घराक घेवन जा!”

तेवढ्यात तिकडून आमच्या साहेबांचा प्रश्न आला, “डिकोड आणि रिकन्स्ट्रक्ट, दोन वेगवेगळी कशाला?”

प्रश्न योग्य होता आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी माइक चालू केला, तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कलमांत माकडांची टोळी शिरली. खाली आबांचा नातू सुतळी बॉम्ब घेऊन उभा होता. आबा माझ्या कानाशी उभे राहून त्याच्यावर ओरडले, “दोन कित्याक रे? एकच पुरे! एकान भागता!”

मग एक बॉम्ब फुटला आणि रेंज गेली.

मी परत जोडला गेलो तोवर निर्णय झाला होता. साहेब खूश होते. “ग्राउंडवरचा माणूस कसा नेमकं बोलतो बघा,” म्हणाले. मी म्हटलं, सर, ते माकडांबद्दल होतं. सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. पुढचा अर्धा तास बटणांच्या रंगांवर गेला. आमच्या प्रॉडक्टला बटणं नाहीत.

आता माझं न ऐकलेलं उत्तर. डिकोड म्हणजे पुरेसे तुकडे घेऊन अख्खी फाइल देणं. रिकन्स्ट्रक्ट म्हणजे फक्त हरवलेला तुकडा पुन्हा बनवणं. एक फाइल वाचणाऱ्यासाठी, दुसरं रात्री मेलेली डिस्क भरून काढणाऱ्यासाठी. लिबइरेजरकोड या तयार कोडच्या लायब्ररीत ही दोन वेगळी ठेवलीत. शिवाय ‘अमका तुकडा गेला, तर कोणकोणते आणू?’ हे विचारायला तिसरं फंक्शन आहे. कारण एकट्या तुकड्यासाठी सहा मशिनांतून सहा तुकडे ओढायचे म्हणजे नेटवर्कचा घाम निघतो. मायक्रोसॉफ्टने अझ्युर या आपल्या क्लाउड सेवेसाठी वेगळी रचना केली ती त्यासाठीच. त्यात मूळ बारा तुकडे, त्यांचे सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गटाला स्वतःचा एक जादा तुकडा आणि वर दोन सगळ्यांचे मिळून. मूळ तुकड्यांपैकी एक गेला, तर त्याच्याच गटातले उरलेले सहा वाचून तो परत येतो. पण त्या सहांतून अख्खी फाइल कधीच येणार नाही, तिला बारा लागतात. म्हणजे फाइल पूर्ण उभी केल्याशिवाय ज्याला काहीच करता येत नाही अशा एकुलत्या एक फंक्शनला हा शहाणपणा वापरताच येणार नाही. हे मी लिहूनही पाठवलं. त्यावर अंगठा आला.

आबांना हा प्रकार मी सांगायला नको होता. आता तिठ्यावर ते सांगत फिरतात, “मिया सांगितलंय तेंका, दोन नको म्हणान.” रेशन दुकानवाल्याने मला परवा सल्ला दिला, काही अडलं तर आबांना विचारत जा.

सध्याचं डिकोड असं आहे: त्याला एक खूण द्यायची. ती ‘नाही’ असेल, तर फाइल मिळते. ‘हो’ असेल, तर तुकडा मिळतो, आणि मग चौथा पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला दिलेला चौथा आकडा, फाइलची लांबी न राहता तुकड्याचा क्रमांक होतो. दोन्ही पूर्णांकच, त्यामुळे लांबीच्या जागी क्रमांक गेला तरी कोड तपासून मशिनच्या भाषेत नेणारा कंपायलर चूं करत नाही. परतीची मेमरी ‘नाही’ला आम्ही मोकळी करायची, ‘हो’ला वापरणाऱ्याने. हे सगळं सोप्या भाषेत, नवशिक्यालाही कळेल असं लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय, शुक्रवारपर्यंत, आणि अहवालात त्यापुढे कंसात लिहिलंय, ‘किरकोळ’.