पीसी आयबीएमने ‘खुला करून दिला’ नव्हता

एक गोष्ट पुन्हा पुन्हा शेअर होते: ‘आयबीएमने १९८१ मध्ये पीसीची रचना उदारपणे सगळ्यांना दिली. पुढे हाव सुटली म्हणून मायक्रो चॅनेल आणलं. मग नऊ कंपन्यांनी त्याहून सरस ईआयएसए काढून आयबीएमला हरवलं. स्टँडर्ड ठरलं आणि स्पर्धा संपली.’ (मायक्रो चॅनेल आणि ईआयएसए म्हणजे पीसीत जादा कार्डं बसवायच्या खाचांच्या, म्हणजे स्लॉटच्या, दोन रचना.) ऐकायला छान आहे, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी ते औदार्य. आयबीएमला मशीन साधारण वर्षभरात बाजारात आणायचं होतं, म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस (ऑपरेटिंग सिस्टिम) मायक्रोसॉफ्टकडून घेतलं. बाकीचे बरेच सुटे भागही बाजारात मिळणारे होते. बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं आणि हार्डवेअर हाताळणारं मूळ सॉफ्टवेअर, मात्र त्यांचं स्वतःचं होतं. त्याचा कोड मॅन्युअलमध्ये छापला होता हे खरं, पण कॉपीराइटसकट. छापलेलं म्हणजे मोकळं नव्हे. उलट तो वाचलेल्या माणसाने स्वतः बायोस लिहिलं, तर चोरीचा आरोप हमखास. म्हणून कॉम्पॅकने दोन गट केले: एकाने आयबीएमचं बायोस नेमकं काय काय करतं ते लिहून काढलं, आणि ज्यांनी तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. कोरोना आणि ईगल या कंपन्यांवर बायोसच्या नकलेवरून आयबीएमने १९८४ मध्ये दावे लावले. दान दिलेल्या वस्तूवरून कोणी कोर्टात जात नाही. पीसी खुला झाला तो या इंजिनिअरांच्या कष्टाने, आणि ते श्रेय आयबीएमच्या खात्यात जमा केलेलं मला सहन होत नाही.

मायक्रो चॅनेल ही निव्वळ हाव होती, हेही अर्धसत्य. परवान्याचे पैसे मागितले, हे खरंच. पण १९८७ चं ते डिझाइन चांगलं होतं: बस (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला माहितीचा मार्ग) ३२ बिटांची, आणि कार्डावरचे जंपर, म्हणजे पिना जोडणारे छोटे तुकडे, हलवत बसण्याऐवजी सेटिंग सॉफ्टवेअरने. अडचण एवढीच की जुनं एकही कार्ड त्यात बसत नव्हतं.

‘ईआयएसए सरस होतं’ हे तर उलटंच आहे. जुनी कार्डं चालावीत म्हणून त्याचा वेग सुमारे ८ मेगाहर्ट्झवर अडकला. कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी वगैरे नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये ते जाहीर केलं, पण ते मुख्यतः सर्व्हरमध्ये दिसलं. घरोघरी आयएसए, म्हणजे आधीच्या पीसींतली जुनी बसच राहिली. तिची जागा हळूहळू घेतली ती इंटेलने १९९२ मध्ये आणलेल्या पीसीआय या नव्या बसने.

स्पर्धा संपली म्हणणाऱ्यांनी १९८६ आठवावं. इंटेलच्या ३८६ या नव्या प्रोसेसरचा पीसी कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी विकायला काढला. स्लॉट सारखा असल्यामुळेच गिऱ्हाईक आपली जुनी कार्डं आणि सॉफ्टवेअर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकत होतं.

आणि आयबीएम सगळंच हरलं असंही नाही. मायक्रो चॅनेलवाल्या आयबीएमच्या त्याच पीएस/२ पीसी मालिकेसोबत व्हीजीए, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याची पद्धत, आलं, कीबोर्ड-माऊसचं छोटं गोल सॉकेट आलं. व्हीजीए साध्या आयएसए कार्डावरही बनवता येत होतं, जुनं काही फेकून द्यावं लागत नव्हतं. प्रतिस्पर्ध्यांनी दोन्ही उचलली, आणि मायक्रो चॅनेल मोडीत निघाल्यावरही ती वर्षानुवर्षं प्रत्येक पीसीच्या पाठीमागे होती.