मुंग्या येतात म्हणजे रक्त खेळतंय? काहीही!

रविवारी रात्री ताईने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, वर हात जोडलेले. 'कॉम्प्युटरवाल्यांनो, सारखे उठू नका, काम घटतं. बोटांना मुंग्या आल्या तर रक्त खेळतंय समजा, टायपिंग चालू ठेवा. निळ्या काचेचा चष्मा असेल तर डोळ्यांना विश्रांती लागत नाही. संध्याकाळी तासभर व्यायाम केला की दिवसभराचं बसणं वसूल.'

सोमवारी तिच्याच मुलीचा फोन. नाशिकमधल्या अंबडला एका ऑफिसात डेटा एन्ट्री करते. "मावशी, मला पंधरा दिवस मुंग्या येतायत. म्हणजे चांगलंच ना गं?"

चांगलं कसलं! अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येणं, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटणं, ही मनगटातला मज्जातंतू दबल्याची खूण असते. मधुमेहाने, थायरॉईडनेही होतं, सगळा दोष कीबोर्डवर नको. पण दुर्लक्ष केलं तर पकड ढिली होते, अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजतं. अशा हाताला 'चालू ठेवा' सांगणारा कोण हा महाभाग? खाली नाव नाही, अर्थातच.

काम घटतं म्हणे. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या कर खात्यात डेटा एन्ट्री करणाऱ्यांवरच हे तपासलं. 2000 साली ते छापूनही आलं. रोजच्या 15 मिनिटांच्या दोन सुट्ट्या होत्याच, शिवाय ज्या तासात सुट्टी नाही त्यात 5 मिनिटं दिली. दिवसाला 20 मिनिटं जास्तीची. अंगदुखी आणि डोळ्यांचा ताण कमी झाला, काम मात्र तेवढंच उरकलं. साहेबांना दाखवायला एवढं पुरे.

एक मानते, नाइलाजाने. उठून टपरीवर जायचं आणि चहा संपेपर्यंत मोबाईलमध्ये मान घालायची, याला विश्रांती म्हणत नाहीत. डोळे आणि मान तेच काम करत राहतात.

चष्म्याचं काय सांगायचं! स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. काच निळी असो की हिरवी, पापणी आपल्यालाच लववायची आहे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे बघायचं. तिच्या ऑफिसच्या खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, आणखी काय हवं? व्यायाम जरूर करावा, पण दुपारी आखडलेली मान संध्याकाळची वाट बघत नाही.

भाचीसाठी उद्याची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ताईने मेसेज अजून काढलेला नाही.