पळोवया

आमच्या घरात पाच मतं आहेत. एरवी आम्ही स्वतःला पाच माणसं समजतो. पण पालिकेची निवडणूक जाहीर झाली की रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण आधी गेटकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि ओठातल्या ओठात मोजतो, "पांच मतां."

शहराचं नाव सांगत नाही. गोव्यात 13 नगरपालिका आहेत आणि पणजीची एक महानगरपालिका; तेरातली कुठलीही धरा. नाव छापून आलं तर उद्या सहाही उमेदवार दारात उभे राहतील. सहापैकी चौघे माझे या ना त्या बाजूने सोयरे. पाचव्याकडून मी मोबाईल दुरुस्त करून घेतो. सहाव्याला मी ओळखत नाही, त्यामुळे निदान त्याच्याशी तरी मला खरं बोलता येतं.

विधानसभेला हा त्रास नसतो. तिथे पक्ष असतो, चिन्ह असतं आणि उमेदवार आपल्याला हात जोडून पुढच्या गल्लीत जातो. पालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनल असलं तरी कागदावर सगळे अपक्ष. म्हणजे मत नाकारताना 'आमचं घराणं त्या पक्षाचं नाही' ही सोयीची पळवाटही बंद. मत नाकारायचं ते थेट त्या माणसाला, त्याच्या आईला आणि लग्नात त्यांनी आपल्याला वाढलेल्या पंगतीला. शिवाय चिन्हं अशी की कुणाला कुकर, कुणाला छत्री, कुणाला शिट्टी. प्रचाराचे कागद बघून आमची ही म्हणाली, "लग्नाच्या अहेराची यादी आलीय का?"

वॉर्डात मतदार हजाराच्या आसपास. त्यातले परदेशी गेलेले आणि देवाघरी गेलेले वजा केले (यादीतून वजा व्हायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो), की एकेका मताला सोन्याचा भाव येतो. आमचा मुलगा नोकरीला बंगळुरूला. त्याच्या वाढदिवसाची आठवण मला कधी राहत नाही, यंदा तिघा उमेदवारांनी मला विचारलं, "झील केन्ना येता?" एकाने तर बसचं तिकीट काढण्याची तयारी दाखवली. मुलाने फोनवर विचारलं, "स्लीपर की सीटर?" मी फोन ठेवला.

अशा वेळी आम्हा गोवेकरांना एकाच शब्दाने तारलं आहे. पळोवया. अर्थ 'बघू या'. पण मराठीतल्या 'बघू' मध्ये थोडा नकार ऐकू येतो, 'पळोवया'त तसं काही ऐकू येत नाही. नुसती झुळूक येते. (आम्ही बोलतो कोकणीत, भांडतो कोकणीत आणि लिहायला बसलो की मराठीत येतो. उमेदवारांचंही तसंच. पत्रकात 'सुजाण नागरिकांस नम्र निवेदन' आणि दारात "भाऊ, औंदूं हांव रावलां, सांबाळात," म्हणजे यंदा मी उभा आहे, सांभाळून घ्या.) पळोवया म्हणताना मान उजवीकडे किंचित कलती ठेवायची, नजर समोरच्याच्या खांद्यावरून मागच्या माडाकडे. मी तीस वर्षं नोकरीत हेच केलं, तरी मला ते जमत नाही. माझा पळोवया होकारासारखा वाजतो. त्यामुळे प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात माझं एक मत मी तिघांना देऊन बसलो होतो.

विद्यमान नगरसेविका पहिल्या रविवारीच आली. तिची गोष्ट थोडी सांगायला हवी. मागच्या खेपेला आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवायच्या, हे घटनेतच आहे. तिच्या नवऱ्याने तोवर बॅनर छापून घेतले होते. हे दुःख एकट्याचं नव्हे. 2021 साली पाच पालिकांच्या आरक्षणाचा घोळ उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा कितीतरी इच्छुक महिनाभर ना धड उमेदवार होते, ना धड उमेदवाराचे नवरे. आमच्या या गृहस्थाने बॅनरवर बायकोचा फोटो चिकटवला, कोपऱ्यात आपला ठेवला आणि पाच वर्षं आमच्या गटाराबद्दल तोच बोलला. यंदा वॉर्ड खुला झाला. हा वकिलाकडून कागद तपासून घेत होता, तोवर बायको जाऊन अर्ज भरून आली. आता पत्रकांचा गठ्ठा तो उचलतो.

बैठकीत त्याने मला पेव्हर, एलईडी दिवे आणि ओल्या-सुक्या कचऱ्याची नवी गाडी यांवर अर्धा तास ऐकवलं. ती पाच मिनिटांत स्वयंपाकघरात गेली होती. आमची ही आणि ती कॉलेजात एका बाकावर. आतून आधी हसण्याचा आवाज आला, मग मागचं दार उघडल्याचा, मग दोघी गटारापाशी उभ्या राहून बोटं दाखवताना खिडकीतून दिसल्या. काय ठरलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पण खरी मजा आणली आईने. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. पोर्तुगीज अमदानीतली कामर तिने पाहिलेली आहे, आणि पालिकेला ती अजून कामरच म्हणते. उमेदवार पाया पडला की तिचा एकच प्रश्न, "तूं कोणालो रे?" मग पोराला पत्रक बाजूला ठेवून वंशावळ सांगावी लागते. मोबाईलवाला पोरगा, वय सत्तावीस, पहिलीच निवडणूक, आपल्या आजोबांचं नाव मोठ्या हौसेने बोलला. आईचा चेहरा उजळला. "तुज्या आज्यान आमची आदोळी व्हेल्ली," ती म्हणाली, "मुक्तीच्या आदल्या वर्षी. लग्नाच्या जेवणाक. ती हाडून दिवंक ना."

म्हणजे नेली ती आणून दिलीच नाही. आदोळी म्हणजे देशावरच्या लोकांची विळी, पुढच्या टोकाला नारळ खोवायची सोय असलेली. मुक्ती म्हणजे 1961. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी माडाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्यापाठोपाठ तो आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी आदोळी. मी हबकलो. आचारसंहिता लागू होती. साडी, भांडी, पाकीट यांवर बंदी असते, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण साठ वर्षांपूर्वीचं देणं फेडलं तर ते आमिष होतं का, हे कुणाला विचारायचं? तक्रार करावी तर आईवर लाच घेतल्याचा आळ. परत करावी तर आई ऐकेना. तिच्या मते ही वसुली होती. संध्याकाळपर्यंत बातमी वॉर्डभर. रात्री माझा आतेभाऊ, तोही उमेदवार, गेटवरूनच म्हणाला, "आमच्याकडून काही राहिलंय का रे तुमचं? आत्ताच सांग."

आईने त्यालाही सांगितलं, मत तुलाच. सगळ्यांनाच सांगितलं. मला संकोच वाटायला लागला. "आई, सहाजणांना शब्द दिलास." ती म्हणाली, "सगळ्यांक बरें दिसूं म्हणून." हीच बाई 16 जानेवारी 1967 ला जनमत कौलात मत देऊन आली होती. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. घराघरात भावाभावांची बोलणी बंद झाली होती, तेव्हाचा काळ. वडील कट्टर फुलवाले. चाळीस वर्षं अधूनमधून विचारत राहिले, आणि आई प्रत्येक वेळी ताट वाढायला उठली. वडील गेले. फूल की पानं, ते त्यांना कळलं नाही.

मतदानाला आम्ही चौघे गेलो; बंगळुरूकर आला नाही, स्लीपर मिळाली नाही म्हणे. बोटाला शाई लावून बाहेर आलो, तर ठरलेल्या अंतरावर सहाही टेबलांवरून सहा चेहरे हसत होते. मी सहाही दिशांना हसलो. मान दुखली.

नगरसेविका निवडून आली, चार मतांनी.

त्याच संध्याकाळी मोबाईलवाला पोरगा आमच्या बलकांवावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसला. हातात मतदारयादी, आमच्या नावांपुढे पेन्सिलीने चार बरोबरच्या खुणा. बोलला काहीच नाही. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे, मग बराच वेळ हिच्याकडे. हिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आत जाऊन दुधाला विरजण लावलं. मी माडाकडे बघत होतो; त्या माडाचे नारळ आता मला पाठ आहेत.

आतून आदोळीवर नारळ कातल्याचा आवाज येत होता. तो थांबला. आई दारात आली.

"आदोळी व्हरूंक आयला?"

"ना आजी."

"बरी आसा," आई म्हणाली. "पयलेची धार ना."

आणि परत कातायला बसली.