‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपल्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बजेटवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत, म्हणून उत्तर सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : न्यू जर्सीत एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरूनही घरासमोरच्या रस्त्याची चाळण झाली आहे. वस्तीला लागून वेअरहाउस येतंय. सुनावणीला सभागृह भरून लोक गेले, तरी प्लॅनिंग बोर्डाने (बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या मंडळाने) मंजुरी दिलीच. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं, बोर्ड बिल्डरच्या खिशात आहे आणि ‘मीटिंगला जा’ हा माझा सल्ला भाबडा आहे. शिवाय, बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांचं तिथे ऐकतं कोण?

‘आधीच ठरलेलं असतं’ हे मला मान्य आहे. पण ते कुठे आणि केव्हा ठरतं, हे पाहिलं की सल्ला भाबडा वाटणार नाही.

तुमच्या टाउनशिपची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे कायदा काय सांगतो तेवढंच लिहिते. कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल हे तिच्या झोनवरून ठरतं. त्या जमिनीच्या झोनमध्ये वेअरहाउसला परवानगी असेल आणि अर्ज उंची, अंतरं, पार्किंग, पाण्याचा निचरा हे सगळे नियम पाळत असेल, तर तो नाकारायचा अधिकार प्लॅनिंग बोर्डाला जवळपास नसतोच. ‘ट्रक वाढतील, रस्ता झेपणार नाही’ हा तुमचा मुद्दा रास्त आहे, पण नॉर्थ ब्रन्सविकमधल्या डंकिन डोनट्सच्या खटल्यात १९८४ मध्येच अपील कोर्टाने सांगितलं की झोनिंगला धरून असलेला अर्ज जागेबाहेरच्या वाहतुकीच्या कारणावरून फेटाळता येत नाही. बोर्डाने तुमच्या टाळ्यांसाठी नकार दिला असता, तर बिल्डर कोर्टात गेला असता आणि बहुधा जिंकला असता. वकिलांचा खर्च तुमच्या-माझ्या करातून झाला असता.

मग अर्ज आल्यावर कौन्सिलने, म्हणजे टाउनशिपच्या निवडून आलेल्या सभागृहाने, घाईघाईने झोन का बदलला नाही? २०११ च्या मे महिन्यापर्यंत तसं करता येत असे. त्यानंतर लागू झालेल्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवशीचे नियमच त्याला लागू होतात. म्हणून सुनावणीच्या रात्री लोक ज्या गोष्टीवर पोटतिडकीने बोलतात, ती त्या खोलीत निकाली काढायची नसतेच. ती ठरलेली असते मास्टर प्लॅनमध्ये (गावाच्या विकास आराखड्यात) आणि झोनिंगच्या नकाशात, कित्येकदा अनेक वर्षं आधी. दहा-बारा रिकाम्या खुर्च्यांसमोर.

तुमच्या रागाला खरी जागा मिळते ती इथे. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार मास्टर प्लॅनची फेरतपासणी किमान १० वर्षांतून एकदा करावी लागते. एरवी एखाद्या भागाचा झोन बदलायचा असला, तर त्या भागातल्या आणि त्याच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतल्या मालकांना स्वतंत्र नोटीस जाते. पण बदल फेरतपासणीच्या शिफारशीतून आलेला असेल, तर अशी व्यक्तिगत नोटीस पाठवायचं बंधन नाही. जाहीर सूचना आणि सभेचा अजेंडा, एवढ्यावर काम भागतं. मला ही तरतूद अन्यायाची वाटते. सगळ्यात मोठे बदल ज्या मार्गाने होतात, तोच मार्ग सर्वांत कमी लोकांना दिसतो. मी मीटिंगला जा म्हणते ते या मीटिंगला.

आणि तिथे हातात नुसतं भाषण नसतं. झोन बदलाचा जो प्रस्ताव आहे, त्यातल्या किंवा भोवतीच्या २०० फुटांतल्या जमिनीपैकी २० टक्के क्षेत्राच्या मालकांनी लेखी हरकत नोंदवली, तर साध्या बहुमताने तो बदल लागू होत नाही. कौन्सिलच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये तीनऐवजी चार. एवढ्याशा फरकाने निर्णय फिरू शकतात.

बोर्ड विकलं गेलंय असं मी म्हणणार नाही, पण टाउनशिपला वेअरहाउस हवंहवंसं वाटतं हे खरंच आहे, आणि त्याचं कारण लाचेपेक्षा साधं आहे. इथली स्थानिक सरकारं मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्सवर जगतात. घरं वाढली की शाळेत मुलं वाढतात. गोदाम कर देतं आणि शाळेत एकही मूल पाठवत नाही. नेवार्कचं बंदर आणि टर्नपाइक (टोलचा महामार्ग) जवळ असलेल्या गावांना हा मोह वर्षानुवर्षं पडत आला. ऑनलाइन खरेदी वाढल्यावर जुन्या ‘इंडस्ट्रियल’ झोनचा अर्थच बदलला. ज्या काळी तो झोन आखला, तेव्हा तिथे छोटा कारखाना येईल असं गृहीत होतं. नकाशा तसाच राहिला आणि त्यावर दिवसरात्र ट्रक आले. राज्याच्या नियोजन आयोगाने २०२२ मध्ये वेअरहाउससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या बंधनकारक नाहीत. नकाशा बदलणं हे शेवटी गावाचंच काम. ते वेळेत केलं नसेल, तर तुमच्या कौन्सिलचा दोष तिथे आहे, आणि तो मोठा आहे.

आता तुमचं बिल. राज्यातलं सरासरी बिलच २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या पुढे गेलं, त्यामुळे चीड समजते. पण राज्याचा विचार केला तर त्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा शाळांचा, शिवाय काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या पातळीचा) वेगळा. टाउनशिपच्या हाती उरतो साधारण तिसरा हिस्सा. बिल मात्र टाउनशिपच पाठवते. आणि कुणी कर थकवला, तरी शाळेला आणि काउंटीला पूर्ण रक्कम टाउनशिपनेच द्यायची. त्यासाठी बजेटमध्ये वेगळी राखीव रक्कम ठेवावी लागते. तुम्ही म्हणता ‘१२,००० भरतो आणि खड्डा बुजवत नाहीत’, तेव्हा हा हिशेब बाजूला राहतो.

त्यात २०११ पासून करवसुलीच्या वाढीवर वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा आहे. ती असावी असंच माझं मत आहे. पण तिच्यातून कर्जाचे हप्ते आणि भांडवली खर्च वगळलेले आहेत. परिणाम असा होतो की भेगा वेळीच भरण्यासारखं स्वस्त, कंटाळवाणं काम मर्यादेत अडकतं, आणि रस्ता पार उखडला की बॉण्ड (कर्जरोखे) काढून तो नव्याने करणं सोपं पडतं. अशा बॉण्डसाठी सहसा ५ टक्के रक्कम आधी बाजूला काढावी लागते, बाकी कर्ज. भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, रस्ता फुटतो. हिवाळ्यात गरम डांबराचे प्लांट बहुतेक बंद असतात, म्हणून थंड मिश्रण टाकून वेळ मारून नेली जाते आणि ते काही आठवड्यांत निघतं. पब्लिक वर्क्सची माणसं आळशी नाहीत. पहाटे तीनला बर्फ ढकलणारीही तीच असतात.

तुमचा रस्ता टाउनशिपचा आहे की काउंटीचा, हे आधी तपासा. काउंटीचा असेल तर टाउनशिपमध्ये कितीही ओरडून उपयोग नाही. टाउनशिपचाच असेल, तर पुढच्या काही वर्षांत कोणते रस्ते घेणार, याची भांडवली योजना बजेटसोबतच असते. बजेट मांडल्यापासून सुनावणीपर्यंत किमान २८ दिवस मिळतात. त्या दिवसांत ‘माझा रस्ता यादीत का नाही?’ हा प्रश्न विचारला, तर इंजिनिअरला काहीतरी ठोस सांगावं लागतं. गॅसची पाइपलाइन आधी बदलायची आहे, असंही उत्तर येऊ शकतं, आणि तसं असेल तर थांबणंच शहाणपणाचं. नवा रस्ता पुन्हा खणण्यात कुणाचंच भलं नाही.

शेवटी, आपलं ऐकतं कोण? कौन्सिलपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही, मतदानाचा हक्कही लागत नाही. विकास-अर्जाच्या सुनावणीत तर हितसंबंध असलेल्या रहिवाशाला बिल्डरच्या तज्ज्ञाची उलटतपासणी करायचा कायदेशीर हक्क आहे, आणि तो तज्ज्ञ शपथेवर बोलत असतो. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं इंजिनिअरिंग केलेली आपली माणसं अशा सभेत मागच्या रांगेत गप्प बसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पाण्याच्या निचऱ्याचा हिशेब चुकीचा आहे हे ती तिथल्या तिथे ओळखू शकतात. उच्चाराची लाज वाटण्याचं काही कारण नाही. एका नेमक्या प्रश्नामुळे ट्रकचं गेट वस्तीपासून दूर नेण्याची, आवाज अडवणारी भिंत घालण्याची अट मंजुरीला जोडली जाऊ शकते.

हे वेअरहाउस बहुधा होईल. पण शेजारी त्याच झोनमधली आणखी जमीन मोकळी असेल आणि तिच्यासाठी अर्ज आला नसेल, तर तिचा झोन अजून बदलता येतो. टाउनशिपची कागदपत्रं सांभाळणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसात दोन गोष्टी मागा : झोनिंगचा नकाशा आणि मास्टर प्लॅनच्या शेवटच्या फेरतपासणीची तारीख. दहा वर्षं भरत आली असतील, तर मला कळवा. नकाशा वाचायला मी तुमच्यासोबत बसेन.