एक्स्ट्रा सँपल

मिसळ 110, जादा पाव 20, एक्स्ट्रा सँपल 2 नग 40. एकूण 170. रविवारचं हे बिल अजून पाकिटात आहे आणि मी ते अधूनमधून काढून बघतो. मिसळ मान्य, पावही मान्य. भांडण सँपलशी आहे.

पुण्याबाहेरच्यांसाठी: मिसळीवरच्या पातळ रश्श्याला आम्ही सँपल म्हणतो. कोल्हापुरात तो कट, नागपुरात तर्री, आणि तिथं ती पोह्यांवरही पडते. नाव काहीही असो, पूर्वी तो मागितला की मिळायचा. आता गल्ल्यामागं पाटी असते, ‘एक्स्ट्रा सँपल 20 रु.’, आणि तिच्यावर बरोबर गणपतीच्या फोटोचा हार लोंबत असतो. पाव आणि रस्सा एकाच वेळी संपत नाहीत, हे हॉटेलवाल्याला पक्कं ठाऊक. त्याचा धंदा त्या फरकावर चालतो.

बरं, 20 रुपये कशाचे? कट म्हणजे काय चेष्टा नाही. सुकं खोबरं कोरडं भाजायचं, कांदा तेलावर तपकिरी होईस्तोवर, मग आलं-लसूण घालून गुळगुळीत वाटायचं. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. तिखट घालताना आच मंद, नाहीतर ते करपतं आणि रस्सा कडवट होतो. मग मटकी शिजवलेलं पाणी, तेही उकळतं. गार ओतलंत तर तवंगाची वाट बघत बसा. वाटण जास्त झालं तरी पंचाईत, तेल त्यातच अडकतं. पुढं मंद आचेवर 15-20 मिनिटं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, म्हणून खरी मजा त्या वरच्या लाल थरात. तो सकाळी नऊची गिऱ्हाइकं पळवतात. साडेअकराला पातेल्यात एक जग गरम पाणी आणि मूठभर मीठ पडतं. माझी वाटी साडेअकरानंतरची होती.

समोर एक काका बसले होते. रविवारी टेबल आपल्या एकट्याचं नसतंच. काकांनी शर्टाच्या खिशातून एक डबी काढली. औषधाची असेल म्हणून मी नजर वळवली, तर आत शेव.

“हितली बारीक असते,” काका म्हणाले. “रस्सा पडला की लगदा. शेव जाड पायजे.”

हे खरं आहे, नाइलाजानं सांगतो. मग त्यांनी माझ्या ताटलीत डोकावून पाहिलं.

“पोहे?”

“पुण्यात घालतात,” मी म्हणालो. जणू मीच घातले होते.

“मिसळीत पोहे घालणारा माणूस उद्या चहात वरण घालंल.” मग माझ्या हातातल्या पावाकडं बोट. “आणि हे असलं नाही. आमच्याकडं स्लाइसचा ब्रेड. कड धरायची, बुडवायचा, तीन आकडे मोजायचे. चौथ्याला तुटून पडतो.” त्यांनी स्वतःच्या पावावर मोजून दाखवलं. तिसऱ्यालाच तुटला. “बघा, पावाचा दोष.”

मग माझ्या सँपलच्या वाटीकडं बघत, “खाणार आहात ना तुम्ही?”

“हो.”

“नाही, गार होतोय म्हणून विचारलं.” एवढं बोलून त्यांनी माझ्याच वाटीतला एक चमचा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला, “हळदीचं पाणी आहे.” वाटी परत माझ्याकडं सरकवली. चमचा तिच्यातच.

“ए बाळा,” त्यांनी पोऱ्याला हाक मारली, “एक रस्सा आण. वरचा. तळातला आणलास तर परत पाठवीन.”

आणि आला! बोटभर तवंग असलेला, लालभडक, काठावर कढीपत्त्याचं पान चिकटलेला. म्हणजे आत वेगळं पातेलं होतं. इतकी वर्षं मिसळ खातोय, ‘वरचा’ हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. काकांनी अख्खी वाटी आपल्या ताटलीत उपडी केली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गल्ल्यावर मी म्हणालो, “सँपल एकच घेतलं. दुसरं त्या काकांचं.”

“ते मिसळीचे देऊन गेले. सँपल टेबलावर लागतं. टेबल नंबर चार, दोन सँपल.”

“पण ते माझ्याबरोबर नव्हते.”

“बोलत तर होतात मघापासून.”

मागं रांग होती. 20 रुपयांसाठी किती ओरडायचं याची मर्यादा माणसाला रांग शिकवते. दिले.

बाहेर काका स्कूटरवर बसून बडीशेप चावत होते.

“सँपलचे वेगळे लावतात का हो हितं?”

“लावतात.”

“लाज नाही यांना,” म्हणाले, आणि किक मारली.