डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला? अजिबात नाही

'डेंग्यूची ही माहिती प्रत्येक घरात पोचलीच पाहिजे' असा मेसेज पाऊस सुरू झाला की फिरायला लागतो. यंदा तो मला आमच्या जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने दाखवला. तिने तो आधीच घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिच्या मामेभावाला डेंग्यू झाला होता आणि पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून मामी त्याला दवाखान्यातून घरी न्यायला निघाल्या होत्या. 'आपली पोरगी नर्सिंगला आहे, तिनेच पाठवलंय' म्हटल्यावर घरात कोण शंका घेणार? संताप आला तो याचा.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ताप उतरला की धोका टळला. प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेले की जिवाला धोका, लगेच चढवून घ्या. पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचं दूध दिलं की दोन दिवसांत रुग्ण बरा. डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, म्हणून पायांना खोबरेल तेल लावा. आणि एकदा डेंग्यू झाला की पुन्हा होत नाही.

पहिलाच मुद्दा जीवघेणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2009 ची डेंग्यू मार्गदर्शिका आमच्या ट्युटर रूममध्ये कायम टेबलावर असते. तिच्यात आजाराचे तीन टप्पे दिले आहेत: तापाचा, धोक्याचा आणि सुधारणेचा. धोक्याचा टप्पा सुरू होतो तो ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. बहुतेक रुग्ण यातून सुखरूप बाहेर पडतात. पण ज्यांचं बिघडतं, त्यांचं याच 24 ते 48 तासांत बिघडतं.

का, हे नीट समजून घ्या. एव्हाना रक्तातला विषाणू कमी होत आलेला असतो, म्हणून ताप उतरतो. पण विषाणूशी लढताना शरीराने जी रसायनं सोडली, त्यांच्यामुळे आणि विषाणूच्या एनएस1 प्रथिनामुळे केशवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. माठातून पाणी झिरपतं आणि आतला वाळा आतच राहतो, तशा तांबड्या पेशी वाहिनीतच राहतात. रक्त दाट होतं, पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, चढतो. भरतीच्या दिवशी 38 असलेला पीसीव्ही 46 झाला तर ती 20 टक्क्यांहून जास्त वाढ आहे. बाहेर गेलेला प्लाझ्मा छातीत आणि पोटात साचतो, वाहिन्यांत रक्त पुरेनासं होतं, आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. अंगाला हात लावला तर ताप नसतो, म्हणून नातेवाईक निर्धास्त असतात.

वॉर्डात हे कसं दिसतं ते सांगते. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, बीपी 104/88. वरचा आकडा शंभराच्या वर बघून विद्यार्थी 'बीपी नॉर्मल' लिहून पुढच्या खाटेकडे जातात. दोन आकड्यांमधलं अंतर बघा: फक्त 16. ते 20 किंवा त्याहून कमी झालं की रक्ताभिसरण ढासळायला लागलं आहे असं समजायचं. वाहिन्या आकसल्यामुळे खालचा आकडा वर चढतो आणि वरचा काही काळ टिकून राहतो. हातपाय गार पडतात. नख दाबून सोडलं की लाली परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो. लघवी कमी होते. अशा वेळी 'पेशंट कम्फर्टेबल' एवढंच लिहून हँडओव्हर देऊ नका, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा.

आणि मामींसारख्यांनी काय बघायचं? पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून पडणं किंवा उगाच अस्वस्थ होणं, दम लागणं. यातलं एक जरी दिसलं तरी घरी न्यायचं नाही. घरी असाल तर दवाखाना गाठायचा, थर्मामीटर काहीही सांगो.

आता प्लेटलेट. ते कमी होतात, हे खरं. विषाणूमुळे अस्थिमज्जेतलं उत्पादन मंदावतं आणि रक्तातले प्लेटलेटही नष्ट होतात. आकडा झपाट्याने पडत असताना पीसीव्ही चढत असेल तर तो धोक्याचा इशारा आहे, हेही मान्य. पण नुसत्या आकड्यासाठी रक्तपेढीसमोर रांगा लावण्यात अर्थ नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या 372 प्रौढ रुग्णांवरची चाचणी 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. सगळ्यांचे प्लेटलेट 20 हजार किंवा त्याहून कमी होते आणि मोठा रक्तस्राव कुणालाच नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट चढवले, निम्म्यांना नाही. रक्तस्राव रोखण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, आणि चढवलेल्यांत दुष्परिणाम मात्र जास्त झाले. मेसेजवाला एक लाखाला घाबरवतोय! सुधारणेच्या टप्प्यात प्लेटलेट आपोआप वाढतात. त्याच टप्प्यात झिरपलेलं पाणीही परत रक्तात येतं, म्हणून 'अजून एक बाटली लावा हो सिस्टर' हा हट्टही धोक्याचा. जास्तीच्या सलाइनने फुप्फुसात पाणी होऊन दम लागतो. इनटेक-आउटपुट चार्ट, म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं याची नोंद, अंदाजाने भरायचा नसतो, तो याचसाठी.

पपईच्या पानांबद्दल थोडं मान्य करावं लागतं. मलेशियातल्या 2013 च्या एका चाचणीत रस घेणाऱ्यांचे प्लेटलेट वाढलेले दिसले, आणि आपल्याकडे काही डॉक्टर त्याच्या अर्काच्या गोळ्या देतातही. पण प्लाझ्मा झिरपणं त्याने थांबतं असं कुणी दाखवलेलं नाही, आणि धोका तिथेच आहे. उलट्या होणाऱ्या मुलाला तो कडू रस बळेच पाजला तर पोटात टिकायला हवं ते ओआरएससुद्धा बाहेर पडतं. किवी खा, हरकत नाही. शेळीचं दूध कच्चं पाजलं तर ब्रुसेलोसिसची जोखीम, ती वेगळीच. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर मुळीच नको.

डास गुडघ्यापर्यंतच उडतो म्हणणाऱ्याने वरच्या मजल्यांवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या बघाव्यात, एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अळ्या तिथेही सापडतात. तो दिवसा चावतो, जिथे उघडी त्वचा मिळेल तिथे.

राहिला 'पुन्हा होत नाही' हा दावा. विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून कायमचं नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर जुन्या प्रतिपिंडांचा आधार घेऊन विषाणू पेशींत जास्त सहज शिरतो, आणि आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून हिस्टरी घेताना 'याआधी डेंग्यू झाला होता का?' हे विचारायचंच, आणि उत्तर 'हो' आलं तर त्या खाटेवर जास्त लक्ष ठेवायचं.